विहिरीवरचा सीन

जयवंतीकाकूंचा स्वभाव संशयी, हे तारापूरच्या त्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिठाची पिशवी आणली तरी आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघणार. नारळ पाडणारा माडावर चढला की खाली बसून वर टक लावणार, मान अवघडली तरी बेहत्तर. सून रूपल म्हणाली कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तर यांच्या हिशेबी तीनच. लोक हसायचे. काकूंना त्याचं काही वाटायचं नाही. हसणाऱ्यांवरही त्यांची नजर असायचीच.

नवरा बळवंतराव म्हणजे अगदी दुसरं टोक. भोळा सांब. आपल्याला कुणी फसवेल हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं आणि खोटं बोलणं तर त्यांना जमायचंच नाही. बोलायला गेले की कान लाल व्हायचे. त्यामुळे घरात एक पद्धतच पडून गेली होती. काकूंनी संशय काढायचा, तो बळवंतरावांपुढे ठेवायचा, आणि ते ‘नाय गो, तसं काय नाय’ म्हणाले की विषय बंद. त्यांना जाऊन चार वर्षं होतील. तेव्हापासून काकूंच्या संशयाला आवर घालणारं कुणी उरलं नव्हतं.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या चिकूच्या वाडीत सिनेमाचं शूटिंग झालं होतं. दिग्दर्शक मुंबईचे, नाव मोठं, बोलणं साखरेहून गोड. सगळी मंडळी उतरली होती बोईसरच्या लॉजवर, पण दिवसभर काकूंच्याच अंगणात. साहेबांना विहीर आवडली, चिकूची झाडं आवडली, आणि बळवंतराव तर इतके आवडले की विहिरीवर पाणी काढणाऱ्या म्हाताऱ्याचं काम त्यांनाच दिलं. बळवंतराव हुरळून गेले. काकूंच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती. एवढं गोड बोलायचं माणसाला कारण काय?

घरामागे चिकू पिकत घालायची खोली आहे. पेंढ्यात चिकू मांडायचे, वर गोणपाट टाकायचं, दार ओढून घ्यायचं, आणि मग दोन दिवस त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. उघडझाप झाली की निम्मे पिकतात, निम्मे दगड राहतात. खोलीला खिडकी नाही, ती याचसाठी. शूटिंगवाल्यांना काकूंनी हे बजावून सांगितलं होतं.

ज्या दुपारी विहिरीवरचा सीन चालला होता, त्या दुपारी काकूंना ते दार किलकिलं दिसलं. आतून कपडेपटातली मुलगी बाहेर आली. उन्नती तिचं नाव, जेमतेम विशीतली. केसांत पेंढ्याच्या काड्या, हातात कापडी पिशवी. काकूंना वाटायचं तेच वाटलं. त्यांनी सरळ तिच्या पिशवीत हात घालून चिकू शोधले. पिशवीत सुईदोरा निघाला, बटणं निघाली, पिना निघाल्या. मुलगी मान खाली घालून निघून गेली. थोड्या वेळाने त्याच दारातून साहेब बाहेर आले, चष्मा पुसत. काकूंना बघून म्हणाले, “तुमच्या या खोलीत उजेड फार सुंदर येतो.”

खिडकी नसलेल्या खोलीत!

संध्याकाळी काकूंनी सगळं नवऱ्यापुढे मांडलं. बळवंतराव तेव्हा देवापुढे दिवा लावत होते, पाठमोरेच म्हणाले, “साहेब दुपारभर विहिरीवर माझ्यासमोर उभे होते. तुला दुसरा कोन तरी दिसला असंल.” विषय बंद झाला. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, दुपारच्या उन्हात माणसं त्यांना धुरकट दिसायची. नवरा खोटं बोलणारा नव्हता. उजेडाचं बोलणारा शूटिंगवाल्यांतलाच दुसरा कुणी असेल. मग डोळेच खोटे, दुसरं काय. तरी त्या साहेबाचा सिनेमा बघायचा नाही, एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. सिनेमा आला, त्याला बक्षिसं मिळाली, गाव बघून आलं. काकू गेल्या नाहीत.

आणि या वर्षी उन्नती बोलली. स्वतःच्या तोंडाने, स्वतःचं नाव सांगून. रूपलने फोनवर तो व्हिडिओ काकूंना दाखवला. मुलगी आता थोराड दिसत होती. वाडीत काकांचा विहिरीवरचा सीन सुरू होता त्या दुपारी साहेबांनी कपडे दाखवायच्या निमित्ताने मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं, असं ती सांगत होती. पोलिसांत तक्रार झाली होती. साहेबांच्या माणसांचं उत्तर तयारच होतं: साहेब त्या वेळी विहिरीवर होते, सगळ्या युनिटने बघितलंय.

रूपलने विचारलं, “आई, तुमी त्या दिवशी काय बघितलं व्हतं?”

काकू म्हणाल्या, माझे डोळे तेव्हा कुठे धड होते. एवढं बोलून त्या उठल्याच. कुकरच्या शिट्टीवर विश्वास न ठेवणारी बाई स्वतःच्या डोळ्यांवर मात्र विश्वास ठेवायला तयार नाही, याचं रूपलला नवल वाटलं. तिला कसं कळणार? उन्नती खरी म्हणायची तर बळवंतराव खोटे ठरत होते. जगात काकूंनी संशय घेतला नव्हता असा एकच माणूस, तोही गेलेला, त्याला आता काय विचारायचं?

त्यातच गावच्या मंडळाने शाळेच्या मैदानात तोच सिनेमा दाखवायचं ठरवलेलं. व्हिडिओ आल्यावर दोन तट पडले. काकूंचा पुतण्या शैलेश बोईसरच्या कारखान्यात नोकरीला, मंडळात पुढे. तो काकूंकडे येऊन बसला. त्याचं म्हणणं, माणूस वेगळा आणि सिनेमा वेगळा. त्याने केलं असेल ते तो फेडेल. पण सिनेमा काय एकट्या त्याचाच आहे? वाडी आपली आहे, विहीर आपली आहे, काका आपले आहेत. रूपल आतून म्हणाली की ज्या खोलीत हे झालं ती खोलीही आपलीच आहे. काकूंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. कारण खरं सांगायचं तर त्यांना सिनेमा बघायचा होता. घरात बळवंतरावांचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. चार वर्षांत त्या माणसाचा आवाज कसा होता हेच त्यांना आठवेनासं झालं होतं, आणि तो आवाज त्या नासक्या माणसाच्या सिनेमात जाऊन बसला होता. काकूंना स्वतःची लाज वाटली. तरी त्या गेल्या, आणि रूपलही त्यांच्या सोबतीला म्हणून गेली.

सिनेमा चांगला होता. हेच काकूंना खटकलं. त्या चूक शोधायच्या तयारीने बसल्या होत्या आणि पडद्यावर त्यांचीच वाडी अशी देखणी दिसत होती, की एवढी वर्षं आपण इथे राहतो आणि हे बघितलंच नाही, असं वाटावं. झाडावर एवढी माया असलेला माणूस असं करेल? की मायेचं सोंगच? कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडेना.

मग विहीर आली. बळवंतराव आले. खांद्यावर टॉवेल, पायात चपला नाहीत. मैदानात टाळ्या पडल्या. काकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं. बळवंतरावांनी दोर हातात घेतला, थांबले, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघत म्हणाले, “अवो, साहेब कुटं गेले? ते आल्याबिगर पानी काढू का मी?”

अख्खं मैदान हसलं. काकांना शूटिंग कळलंच नाही, आणि साहेबांनी गंमत म्हणून तसंच ठेवलंय, असं मागे कुणीतरी कौतुकाने सांगत होतं. काकू हसल्या नाहीत. पडद्यावर बळवंतरावांनी मान वळवून घराच्या मागच्या अंगाला, चिकूच्या खोलीकडे बघितलं होतं. क्षणभरच. चेहऱ्यावरचं हसू गेलं, कान लाल झाले, आणि त्यांनी घाईघाईने बादली विहिरीत सोडली.

म्हणजे साहेब विहिरीवर नव्हते. म्हणजे यांना माहीत होतं. दिवा लावताना पाठमोरे का बोलले, ते आता काकूंना समजलं. घराचं नाव नको, पोलीस नकोत, आपल्याच वाडीतली गोष्ट चारचौघांत नको, असं काहीतरी त्या भल्या माणसाने मनात धरलं असणार, आणि बायकोला तिच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. काकूंना त्यांचा मनस्वी राग आला. आणि त्याच वेळी तो आवाज अजून एकदा ऐकावा असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

त्या उठल्या, माणसांमधून वाट काढत शैलेशच्या लॅपटॉपपाशी गेल्या आणि म्हणाल्या, तेवढंच परत लाव. शैलेशला भरून आलं. त्याने सिनेमा मागे घेतला, माईकवरून सगळ्यांना जरा शांत राहायला सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बळवंतरावांनी दोर हातात घेतला आणि पुन्हा विचारलं, “अवो, साहेब कुटं गेले?”

काकू पडद्यासमोर उभ्या होत्या. वाडीत नवऱ्याला जेवायला हाक मारायच्या तेवढ्याच मोठ्याने त्या म्हणाल्या, “चिकूच्या खोलीत गेल्ते. त्या पोरीला घेऊन. मी बघितलं, आनि तुमाला ठाव व्हतं.”

काकू वळल्या आणि त्यांनी रूपलला त्या मुलीचा नंबर शोधायला सांगितलं.