बिनउंबऱ्याची घरं

मोठा बंगला बांधायला निघालेल्या माणसाला रिकाम्या प्लॉटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसवून ठेवण्याचं धाडस मी फक्त आमच्या बाईंमध्ये पाहिलं. पहिल्या भेटीत त्या कागद उघडायच्याच नाहीत. नवरा-बायको दोघांनी डबा घेऊन सकाळी प्लॉटवर यायचं, मोबाईल गाडीत ठेवायचे आणि उन्हं उतरेपर्यंत तिथंच थांबायचं, ही त्यांची अट. नगर जिल्ह्यातले नावाजलेले डॉक्टर, ट्रॅक्टरचे डीलर, कांद्याचे बडे व्यापारी बाभळीच्या विरळ सावलीत खुर्च्या सरकवत बसलेले मला आठवतात. ऊन अंगावर आलं की माणूस खुर्ची हलवतो, वाऱ्याकडे तोंड करतो, रस्त्याकडे पाठ करतो. बाई त्यांच्यामागून फिरत आणि खुर्चीच्या जागी चुन्याची खूण करत. संध्याकाळी त्या खुणा दाखवून म्हणत, "घर कुठं बसवायचं ते तुम्हीच सांगितलंत. आता मी फक्त काढते."

नगरात आर्किटेक्ट म्हटला की 'सर'. आता कागदोपत्री शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी ही सवय तशीच आहे. आमच्या बाईंना गिऱ्हाईक आधी 'मॅडम' म्हणे आणि पाया खोदून होईपर्यंत आपोआप 'बाई' म्हणायला लागे. त्या इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबातल्या. वडील शाळामास्तर होते. बाईंनी लग्न केलं नव्हतं, ऑफिस शहरातल्याच सावेडी भागात. मी जिल्ह्यातल्याच बेलापूरहून डिप्लोमाचा कागद घेऊन नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं, घरी अभ्यासाला कुठं बसायचीस? मी ओशाळून सांगितलं, घरात जागा नव्हती, दाराबाहेरच्या पायरीवर बसायचे. पाऊस आला तर पाय आत आणि पुस्तक मांडीवर. त्यांनी लगेच दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. पुढं मला आर्किटेक्चरच्या कॉलेजात जायलाही त्यांनीच लावलं, आणि सुट्टीत काम देऊन माझा हात चालता ठेवला. मी आज जे काही आहे, त्याची सुरुवात त्या पायरीच्या उत्तरापाशी आहे.

'व्ह्यू' या शब्दाचा त्यांना राग होता. इंटरनेटवरचे फोटो दाखवून गिऱ्हाईक सांगे की आम्हाला हॉलमधून मुळा धरणाच्या पाण्याचा व्ह्यू पाहिजे, इथून तिथपर्यंत काच लावा. बाई फोटो नीट बघत आणि विचारत, "बघायचंय की जायचंय? नुसतं बघायचं असेल तर मोठा टीव्ही घ्या, स्वस्तात पडेल." त्यांच्या घरांत काच असायची, भरपूर असायची, पण ती सरकून पूर्ण भिंतीत गडप व्हायची. सकाळचा चहा घेऊन माणूस हॉलमधून निघाला की पडवीत, पडवीतून बागेत, असं चालत जायला हवं आणि मध्ये त्याला कुठं खाली बघावं लागू नये, यासाठी त्या जिवाचा आटापिटा करत. आत आणि बाहेर एकच दगड, एकाच पातळीत. मुख्य दाराला कुणी उंबरा मागितला तर देत. बागेकडच्या बाजूला मात्र कधीच नाही.

या एका हट्टापायी आमचे कॉन्ट्रॅक्टर कादरभाई वैतागून जात. पाणी आत येईल, असं ते प्रत्येक साइटवर बजावत, आणि राहुरीच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ते खरंही झालं. वळवाचा पाऊस तिरका आला आणि हॉलमधल्या नव्या सोफ्याखाली पाण्याचं तळं झालं. डॉक्टर कादरभाईंवर चढले. कारागिरांनी उतार चुकवला, असं म्हणून मोकळं होणं बाईंना सोपं होतं. त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या, वाकून पाणी कुठून वळतंय ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझ्या कागदात आहे. यांनी मी काढलं तसंच केलंय." पन्हळ रुंद करून सगळी किनार पुन्हा बसवली, तीही आमच्या ऑफिसच्या खर्चानं. त्यानंतर कादरभाईंनी दुसऱ्या कुणाचं काम आधी धरलं, असं मला आठवत नाही.

पण बाईंची खरी ओळख मला भंडारदऱ्याच्या घरानं दिली. मालक भाऊसाहेब, राहुरीकडचे. कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात चांगलं नाव कमावलेलं. त्यांना धरणाच्या पाण्यावर उतरणाऱ्या जागेत आलिशान घर हवं होतं. सगळ्या खोल्या काचेच्या, झोपायची खोली वरच्या मजल्यावर, समोर काठोकाठ भरलेला स्विमिंग पूल. ठरल्याप्रमाणे ते प्लॉटवर आले. खुर्चीत एकटेच बसले. त्यांची बायको मंगलताई गाडीतून उतरल्याच नाहीत. काचा वर, पदर घट्ट, नजर मांडीवर. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत, आज हाताला धरून गाडीत बसवून आणलंय, असं भाऊसाहेबांनी हळूच सांगितलं. या घराचा घाट त्यांनी तिच्यासाठीच घातला होता, पण हेही त्यांना बायकोला सांगता आलं नव्हतं.

बाईंनी चुन्याची पिशवी माझ्याकडे दिली आणि गाडीचं मागचं दार उघडून त्या मंगलताईंशेजारी जाऊन बसल्या. दार पुन्हा लावून घेतलं. दुपारपर्यंत आत कुणी काही बोललं नाही, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. जेवायची वेळ टळून गेल्यावर मंगलताई पहिलं वाक्य बोलल्या, "तुमी जेवला का न्हाई?" मग दोघींनी गाडीतच एका डब्यातून भाकरी खाल्ली आणि मग कुठं मंगलताईंनी तोंड उघडलं. पोरगा 'आलोच' म्हणून उंबरा ओलांडून गेला, तो गेलाच. तेव्हापासून उंबऱ्याशी आलं की पाय लटपटतात, पुढं उचलत नाहीत.

बाईंनी नकाशा केला तो अगदी वेगळा. वरचा मजला नाही, झोपायची खोली खालीच, आणि सगळ्या घराला कुठंही, मुख्य दारालासुद्धा, उंबरा नाही. भाऊसाहेब सावेडीच्या ऑफिसात आले आणि तो कागद बघून तापले.

"घराला उंबराच न्हाई म्हंजे? मग लक्ष्मी यायची कुठनं?"

"ती उंबऱ्यावाचून अडून बसायची नाही," बाई म्हणाल्या. "तुमची मंडळी मात्र उंबऱ्यापाशी अडलीत."

भाऊसाहेब म्हणाले, मग आम्ही मुंबईची पार्टी बघतो. बाईंनी त्यांना जरूर बघायला सांगितलं, फक्त त्या लोकांनी एकदा ताईंशी बोलावं, एवढंच मागितलं. ते गेले. आमच्या ऑफिसात तेव्हा तेवढं मोठं दुसरं काम नव्हतं. मी बाईंना विनवलं की निदान मुख्य दाराचा उंबरा तरी देऊन टाकू, नाव होईल, चार कामं येतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, गाडीत माझ्या जागी तू बसली असतीस, तर दिला असतास का? मी नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. काही आठवडे आम्ही लहानसहान कामांवर काढले. मग एके सकाळी भाऊसाहेबांचाच फोन आला. मुंबईच्या नकाशांची चर्चा चालू असताना मंगलताई जेवणाच्या ताटावरून एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या बाई माझ्यासंगं गाडीत बसल्या हुत्या. त्यांनाच करू दे."

ते घर मी पायापासून बघितलं. पलंगाखालचा काळा दगड तसाच पुढं पडवीत जातो, पडवीतून अंगणात, अंगणातून जांभळाच्या झाडाखालून थेट पूलच्या पाण्याच्या कडेपर्यंत. पाणीही दगडाच्या पातळीला. छप्पर एकदम संपत नाही. आधी सलग आहे, मग लाकडी पट्ट्यांचं, मग नुसतं जांभळाच्या पानांचं. भंडारदऱ्याचा पाऊस धो धो, म्हणून पन्हळींवर बाई आणि कादरभाई कितीदा भांडले त्याला गणती नाही. लाकडी पट्ट्यांमधलं अंतर बाई तिथं उभ्या राहून ठरवत. त्यांचं म्हणणं असं, की उजेड हळूहळू वाढू दे. डोळे दिपले की माणूस मागं सरतं.

मंडळी राहायला गेली आणि बरेच महिने काहीच घडलं नाही. भाऊसाहेब फोनवर सांगत, ती खोलीतच आहे. मग ती पलंगावरून खुर्चीत आली. मग खुर्ची पडवीच्या तोंडाशी आली. बाई नुसत्या 'बरं' म्हणत. हिवाळ्यात एका पन्हळीच्या जाळीचं काम निघालं म्हणून आम्ही दोघी भंडारदऱ्याला गेलो. भाऊसाहेब फाटकातच भेटले आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मंगलताई जांभळाखाली बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. आम्हाला पाहून चहा सांगायला म्हणून त्यांनी मागं वळून हाक मारली, आणि घर इतकं लांब मागं दिसल्यावर त्यांचा हात ताटातच थांबला.

"मी हितं कवा आले?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "मी आत्ताच येतेय."

आणि त्या जाऊन त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या आणि तांदूळ निवडू लागल्या. भाऊसाहेब पाठ फिरवून फाटकाची कडी उगाच उघडत-लावत राहिले. परतताना अकोले मागं पडलं. मग बाई म्हणाल्या, छपराची शेवटची पट्टी जास्तच झाली, ती काढायला सांग. मी मान वळवून बघितलं नाही. त्यांचा आवाज पुरेसा होता.

इतक्या लोकांना अंगण देणारी ही बाई स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहायची. लिफ्ट नाही, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्याबद्दल कुणी छेडलं की म्हणत, मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरांतच राहते की, हे नुसतं झोपायला. पण त्या घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तोच फ्लॅट त्यांना कोठडीसारखा झाला. जिना उतरणं बंद. मी रोज संध्याकाळी जायचे. साइटवरची हकीकत त्या ऐकत, पण प्रश्न विचारणं कमी कमी होत गेलं. हातालाही कंप सुटला होता. मला भीती वाटायला लागली होती.

ही बातमी कुणी भंडारदऱ्याला पोचवली ठाऊक नाही. एका दुपारी मी फ्लॅटवर होते आणि बेल वाजली. दारात मंगलताई उभ्या. तीन जिने चढून आलेल्या, धाप लागलेली, मागं बॅग उचलायला भाऊसाहेब. त्या सरळ आत आल्या, बाईंचं कपाट उघडलं आणि साड्या बॅगेत भरायला लागल्या. बाईंनी नको नको म्हणून पाहिलं. मंगलताई घड्या घालता घालता एवढंच म्हणाल्या, "तवा मी तुमचं ऐकलं. आता तुमी माझं ऐका." भाऊसाहेबांनी आणि ड्रायव्हरनं बाईंना खुर्चीसकट खाली नेलं.

अशा रीतीनं आमच्या बाई स्वतः काढलेल्या घरात पहिल्यांदा राहिल्या. आधी चाकांच्या खुर्चीत, मग वॉकर घेऊन. सगळं सपाट असल्यामुळं त्यांचं चाक कुठं अडलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे. मी महिन्यातून एकदा नकाशे घेऊन जायचे. त्या मंगलताईंच्या पडवीत बसून माझ्या चुका काढत आणि मंगलताई दोघींना दरडावून जेवायला उठवत. बाईंच्या गालावर ऊन लागलेलं मी कितीतरी महिन्यांनी तिथं पाहिलं.

एकदा राहुरीच्या एका शिक्षक जोडप्याच्या घराचा नकाशा नेला होता. पहिली रेघ ते शेवटची, सगळं मीच केलेलं. बाईंनी तो बराच वेळ बघितला. चूक निघाली नाही. मी पेन पुढं केलं, तसा त्यांनी आपला कापरा हात मागं घेतला.

"सही तू कर, जयश्री. आणि माझं नाव खाली कुठं लिहू नकोस. एका घराला एकच माणूस जबाबदार असावा."

मी सही केली. वाऱ्यानं कागद उडत होता, मंगलताईंनी त्याचं टोक धरून ठेवलं होतं.

त्याच घराच्या स्लॅबच्या दिवशी मंगलताईंचा फोन आला. सकाळी काम सुरू होऊन निम्मा स्लॅब भरत आला होता. मिक्सरचा आवाज इतका, की मला बाजूला जाऊन ऐकावं लागलं. बाई दुपारच्या सावलीत खाटेवर पडून बोलत होत्या, मंगलताई शेजारी मेथी निवडत होत्या, आणि बोलता बोलताच बाई गेल्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज स्थिर होता. त्यांनीच मला धीर दिला आणि आम्ही आहोत, सावकाश ये, म्हणाल्या.

कादरभाईंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ते जवळ आले आणि म्हणाले, काम थांबवतो, तुम्ही निघा. भरता भरता थांबवलेल्या स्लॅबला सांधा राहतो आणि पुढं तिथूनच गळतं, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. बाहेरच्या बाजूला मुलं-बाळं घेऊन ते शिक्षक जोडपं उभं होतं, आपल्या घरावर पहिलं छप्पर पडताना बघत.

मी नको म्हणाले. शिडी चढून वर गेले आणि शेवटचं घमेलं ओतून पृष्ठभाग सारखा होईपर्यंत तिथंच उभी राहिले. मग खाली उतरले, हात धुतले आणि भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले.