ताईच्या दशम्या आणि नाशिकचे पाच दिवस

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. थंडीचे दिवस, ह्यांच्याकडे रेल्वेचा पास आणि गंगापूर रोडला ताईचं घर. मनमाडहून नाशिकला जायला आणखी काय लागतं? दहा महिन्यांची मंजू कडेवर घेतली आणि निघालो.

पहिल्या दिवशी त्रिरश्मी लेणी. जाणार असाल तर सकाळीच चढा, पायऱ्या दमवतात. खाली येऊन मिसळ खाल्ली. ह्यांनी दोन, मी दीड.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना उलट्या सुरू झाल्या. मी मिसळीवर खापर फोडणार होते, पण ती त्यांनी खाल्लीच नव्हती. त्यांच्या ऑफिसात आधीच तिघे आजारी होते. ताईने उलटी पुसली, हात नुसते पाण्याखाली धरले आणि थेट कोशिंबीर कालवायला बसली. ह्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताई आणि हे, दोघेही आडवे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या. "हे हातांवरून तोंडात जातं. उलटी पुसली, संडासला जाऊन आलं, लंगोट बदलला, की साबणाने हात धुवा. लादी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट घ्या. आणि ताई, बरं वाटलं तरी दोन दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही." मग मंजूकडे बघून म्हणाल्या, "एवढं लेकरू एका दिवसात सुकून जातं."

स्वयंपाक मी हातात घेतला. मंजूला कडेवरून उतरवलं नाही, ह्यांच्याकडेही दिलं नाही.

पाचव्या दिवशी निघताना बघते तर ताई ओट्याशी. दशम्या तयार.

"अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"मला कालपासून काही नाही. माहेरवाशिणीला रिकाम्या हातांनी पाठवू?"

दाराशी तिने दशमीचा तुकडा मोडून मंजूच्या तोंडापुढे धरला. मी मंजूला झटकन खांद्यावर फिरवलं. "आत्ताच दूध प्यायलीय," म्हटलं. ताई तो तुकडा हातात धरून उभी राहिली.

निफाड स्टेशनवर डबा कचरापेटीत रिकामा केला.

मंजूला काहीही झालं नाही. ताईचं पत्र आलं, दशम्या कशा झाल्या होत्या? मी लिहिलं, मनमाड येईपर्यंत एकही उरली नाही. नंतर कित्येक वर्षं मी गेले की ती हौसेने दशम्या करायची आणि मी दोन जास्तच खायचे.

आता तिला बारीक अक्षर दिसत नाही, नातीकडून हा ब्लॉग वाचून घेते. तर ताई, त्या दिवशीची एकही दशमी आम्ही खाल्ली नाही. त्याचं आजही वाईट वाटतं. आणि तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.