पुढचा सेन्सर आणि पालखीची सकाळ

शिमग्यात आमच्या वाडीची पालखी घरोघरी जाते आणि कुलूप लावलेल्या घरापुढून तशीच पुढे निघते. वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेला. गुडघ्यांमुळे सासूबाई गेल्या पावसाळ्यापासून महाडला आमच्याकडे असतात, म्हणून वाडीचं घर बंद. पण पालखीच्या दिवशी दार उघडं हवं, हे त्यांनी महिनाभर आधी बजावलं होतं. पालखी बाराला येणार होती. तिथवर एसटी जात नाही आणि शिमग्यात रिकामी जीप मिळत नाही. आणि सकाळी आठला आमची गाडी महाडच्या अंगणात थरथरत दर दोन मिनिटांनी बंद पडत होती.

ह्यांनी मागवलेलं एक यंत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाइलवर गाडीची तब्येत वाचायची. तेव्हापासून जेवतानाही त्यांची नजर आलेखावर. इंजिनाजवळ, धुराच्या नळीत पुढचा ऑक्सिजन सेन्सर असतो; धुरात हवा किती उरली ते तो सांगतो. त्याचा आकडा सतत वरखाली व्हायला हवा. आमचा तळाला चिकटला होता, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. रविवारी ह्यांनी सेन्सर बदलला. आकडा तिथेच.

"नवीनही खराब निघाला," ते म्हणाले. "अ‍ॅप तेच सांगतंय. पुण्याहून दुसरा मागवतो."

"तवर पालखीला थांबाय सांग रे," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या.

मी गाडीची वही काढली. दोन सेन्सर एकच खोटं बोलणार नाहीत, हे आधी लिहिलं. रविवारी काढलेले स्पार्क प्लग काळेकुट्ट होते, म्हणजे पेट्रोल कमी नाही, उलट जास्तच जात होतं. आणि रेस दिली, धुराचा जोर वाढला, की आकडा जरा हलायचा. हे तिन्ही खरं असेल, तर बाहेरची हवा सेन्सरच्या आधीच नळीत शिरत होती. सेन्सर ती बघून पेट्रोल कमी म्हणायचा, गाडी बिचारी पेट्रोल वाढवत बसायची.

ह्यांना रेस द्यायला सांगून मी सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबलं; मागची वाट अडली की धूर फटीतून आवाज करत निघणार होता.

"पुढनं फुसकारतंय गो," सासूबाई म्हणाल्या. "म्हशीवानी."

मी वही मागे चाळली. पावसाळ्यानंतर त्या नळीच्या जोडावरचं पॅकिंग बदललं होतं आणि शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या, असं मेकॅनिकने सांगितलं होतं. माझ्या यादीत ती ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण होती. आमच्याकडे काम करील तो खूण करतो. ही खूण ह्यांच्या हातची.

"अहो, नट आवळून आणले होते ना?"

"गेलो होतो की. गॅरेज बंद होतं."

"मग ही खूण कशाची?"

"जाऊन आलो त्याची."

"ह्याचा बापूस पन असाच," सासूबाई म्हणाल्या. "इहिरीवर जायाचा नि रिकामी घागर घेऊन यायचा."

नळी गार व्हायला तासभर गेला. त्या वेळात सासूबाईंनी चार वेळा घड्याळ विचारलं आणि ह्यांनी चार वेळा अ‍ॅपची बाजू मांडली. मग ते पाना घेऊन गाडीखाली सरपटले. दोन नट बोटांनी फिरत होते.

आवळून गाडी चालू केली. थोडी तापली तसा आकडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर. ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे नातवाच्या फोटोसारखा धरला.

"बघितलं," मी म्हटलं. "आता तुम्ही आत बसा. गाडी मी चालवते."

निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. चढावर गाडी एकदाही बंद पडली नाही. वाडीत पोचलो तर ढोल शेजारच्या अंगणात वाजत होता. गंजलेलं कुलूप ह्यांनी दोन हातांनी ओढून उघडलं. सासूबाई ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि पालखी अंगणात शिरली तेव्हा त्यांच्या मागे मी अजून केर काढत होते.