पाहुण्यांचा तांदूळ

जिजाबाई मेश्राम एका जागी पाच मिनिटं बसतील तर शपथ. मध्य प्रदेशातल्या किरनापूरजवळच्या त्यांच्या गावात चिन्नोर धान लावणाऱ्या त्रेचाळीस बायकांचा गट आहे आणि त्या गटाच्या या अध्यक्ष. मी बालाघाटच्या कृषी कार्यालयात. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, त्यामुळे कागद आणि शिक्का यांवर माझा विश्वास जरा जास्तच. गेल्या जानेवारीत हैदराबादला देशी तांदळाची परिषद होती, तिला आम्ही दोघी गेलो. दुसऱ्या दिवशी पाच परीक्षक भात चाखणार होते. ज्याचा भात पसंत पडेल, त्या गावाकडून एक मोठी हॉटेल कंपनी दरवर्षी तांदूळ घेणार होती. आजवर व्यापारी म्हणेल त्याला मान डोलवणाऱ्या बायका आता जिजाबाईंच्या पिशवीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

पिशवीत वर्षभर मुरलेला जुना चिन्नोर होता. आमच्याकडे पाहुण्याला जुनाच तांदूळ रांधतात. तो मोकळा होतो, पोटाला हलका. नवा चिकट, जड, तो घरच्यांनी खायचा. पाहुण्याच्या पानात नवा वाढणाऱ्या सुनेला चार घरं नावं ठेवतात. मीही त्याच मुलखातली, म्हणून मीच मोठ्या दिमाखात त्या पाकिटाला सील लावून वर सही ठोकली होती.

पहिल्या दिवशीची भाषणं इंग्रजीत होती. तिसऱ्या भाषणाला जिजाबाई उठल्या आणि शहर पाहून येऊ म्हणाल्या. मलाही तेच हवं होतं, पण सरकारी माणसानं आधी नाही म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. मग रिक्षा करून आम्ही चारमिनारपाशी उतरलो.

जवळच्या एका हॉटेलात बिर्याणी मागवली. माझ्या घरी मटण शिजत नाही, त्यामुळे बाहेर मी दोघींचं खाते. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. वेटरनं हंडीचं झाकण काढलं तसे म्हातारे आजोबा पुढे वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. मग कुठे वाढायला सुरुवात झाली. पलीकडच्या टेबलावरही तेच. जिजाबाईंचा हात ताटातच थांबला.

"मॅडम, इथं सारे आधी वास घेतेत," त्या म्हणाल्या. "आपल्या जुन्याले वास कुठं राह्यला?"

खरं होतं. चिन्नोरचा सुगंध पहिल्या काही महिन्यांचा, पुढे तो उडून जातो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, कारण सुगंध घरच्यांनी उपभोगायचा आणि पाहुण्याला मोकळा दाणा द्यायचा. परीक्षक शिकलेले लोक आहेत, दाणा बघतील, असं मी ठोकून दिलं आणि मिरचीचा सालन आणखी मागवला.

त्यानंतर त्या बाईनं माझी जी फरफट केली! लाड बाजारात सुनेसाठी लाखेच्या बांगड्या काढायला लावल्या, दुकानदारानं दहा जोड मांडले, आणि ही दुकानाबाहेर. इराणी चहा अर्धा टाकून उठली. संग्रहालयात एक जुनं घड्याळ आहे. तास भरला की त्यातून एक छोटा बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवतो, आणि ते बघायला लोक बाकांवर बसून राहतात. आम्हालाही जागा मिळाली. तीन वाजायला तीन मिनिटं उरली असताना जिजाबाई उठून चालू लागल्या. एवढ्या लांब येऊन तो बाहुला मी पाहिला नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे.

संध्याकाळी गेस्ट हाउसवर माझं पोट बिघडलं. करावे तसे भरावे. जिजाबाईंना दोन्ही वेळा बाहेरचं अन्न मानवत नाही, म्हणून त्यांनी स्वतःपुरता नवा चिन्नोर एका पुरचुंडीत आणला होता. पोटाला खरं तर जुना बरा, पण तो सीलबंद. मग त्यांनी पुरचुंडीतल्या नव्याचीच पातळ पेज केली. गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात गॅसवर पाणी उकळलं आणि थोड्याच वेळात खोल्यांची दारं उघडू लागली. कर्नाटकातले एक प्राध्यापक, ओडिशाच्या दोन बायका, सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन काय शिजतंय विचारू लागले. जिजाबाई पळी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सकाळी त्या अंघोळ करून माझ्यासमोर उभ्या. पुरचुंडीत दोन मुठी तांदूळ उरला होता. हाच मांडायचा, म्हणाल्या. मी भडकले. नोंद जुन्याची, सील माझं, सही माझी. ऐनवेळी नमुना बदलला तर बालाघाटला मला कोण सोडणार होतं?

"मॅडम, पाहुण्याले चांगलं द्यावं म्हणून आमी त्याले वास गेलेला देऊन राह्यलो," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस जणीले मी काय सांगू? तुमची सही वाचवली म्हणून?"

मला लाज वाटली. मी नवं लेबल लिहिलं आणि आयोजकांकडे जाऊन नोंद बदलून घेतली. ते एका मिनिटात हो म्हणाले. माझी भीती फुकट गेली.

दोन मुठींचा भात तो केवढा. जिजाबाईंनी पाचही परीक्षकांना चमचा-चमचा वाढला. हॉटेल कंपनीचे मुख्य आचारी सगळ्यांत शेवटी आले तेव्हा पातेलं रिकामं होतं. जिजाबाईंचा चेहरा पडला. पाहुणा आला आणि भांड्यात काही नाही, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही. आचाऱ्यांनी पातेलं उचललं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग हिंदीत विचारलं की हा तांदूळ किती मिळेल.

करार झाला. मी पेढे घेतले. परतीच्या गाडीत मला वाटलं, आता तरी बाई स्वस्थ बसेल. पण गोंदिया येईपर्यंत त्या दाराशी जात होत्या, परत येत होत्या.

"आता काहून येरझाऱ्या?" मी वैतागून विचारलं.

"नवा सारा हॉटेलात गेला तर घरचे काय खातीन?" त्या म्हणाल्या. "लेकराईले वासाचा भात ठाऊकच राह्यणार नाही."

याचं उत्तर त्यांनीच शोधलं. गावी सभा घेऊन त्यांनी ठराव केला की आधी प्रत्येक घरात एक पोतं नवा ठेवायचा, मग हॉटेलची गाडी भरायची. कंपनीचा माणूस कुरकुरला आणि कबूल झाला.

डिसेंबरात कामासाठी त्या गावी गेले होते. चौदा वर्षं मी त्यांच्याकडे जेवतेय, दरवेळी मोकळा, पांढराशुभ्र, जुना भात. या वेळी जिजाबाईंनी पान मांडलं आणि पातेल्याचं झाकण काढलं. घरभर वास सुटला. भात चिकट होता. सून सरिता संकोचून म्हणाली की आई, मॅडमले नवा कसा वाढता?

जिजाबाईंनी पळी भरून वाढला आणि माझ्यासमोर बसल्या. माझं जेवण होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.