तू हितला न्हाईस

तीस वर्षं अंगावर खाकी होती, पण पोलिसाची भीती म्हणजे काय ते मला साठी उलटल्यावर अमेरिकेत कळलं.

मुलाकडे गेलो होतो. मलकापुरातली सवय म्हणून सकाळी कानटोपी घालून फिरायला निघालो. एका घरापुढचे टपोरे गुलाब बघत थांबलो, एवढंच. कुणीतरी खिडकीतून फोन केला असणार. दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून उतरलेला पोलीस माझ्या मुलापेक्षाही लहान. तो काहीतरी ओरडला. मला वाटलं, आपण दोघं एकाच धंद्यातले. जुनं ओळखपत्र दाखवावं म्हणून खिशाकडे हात नेला, तर त्यानं पिस्तूल रोखलं.

माझी विजार ओली झाली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मला रस्त्याच्या कडेला बसवलं. मुलगा धावत आला आणि त्यांचीच माफी मागत राहिला. वर आभारही मानले. घरी आल्यावर म्हणाला, "आबा, खिशात हात कशाला घातलात? गोळी घातली असती त्यानं." म्हणजे चुकलो मीच.

संध्याकाळी नात शाळेतलं सांगत होती. गुलामगिरीच्या काळात तिकडे दक्षिणेत गस्तीची पथकं फिरायची. वाटेत दिसलेल्या काळ्या माणसाकडे मालकाची चिठ्ठी नसली की त्याला धरून फटके द्यायची. तिकडच्या पोलिसांचं एक मूळ त्या गस्तीत आहे, असं तिच्या बाईंनी शिकवलं होतं. "आजोबा, तुमच्याकडे पण चिठ्ठी नव्हती," ती म्हणाली. मुलानं तिला दटावलं.

मला मात्र जतकडचा एक मेंढका आठवला. नोकरी नवी होती, कराडच्या बाजूला एका चौकीवर होतो. एका बागायतदाराची विहिरीवरची मोटार चोरीला गेली. शेजारच्या रानात या धनगराचा तळ होता. मी त्याला उचलून आणलं आणि दिवसभर उन्हात उकिडवं बसवलं.

"आवं सायेब, माजं काय चुकलं?"

"तू हितला न्हाईस, हेच चुकलं."

तिकडे त्याच्या बायकोला एकटीला कळप आवरेना. मेंढरं उसात शिरली. बागायतदाराच्या माणसांनी त्यातली चार काठ्यांनी मारली. आठवड्यानं मोटार बागायतदाराच्या पुतण्याकडेच सापडली. त्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवला.

अमेरिकेतून परतल्यावर जतला गेलो. दोन दिवस विचारत फिरलो, तेव्हा त्याचं घर सापडलं. थकलेला, दारात बाजेवर बसलेला. मी कोण, कुठली चौकी, कसली मोटार, सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "कंची चौकी, सायेब? लय चौक्यांत बसवलंय मला."

मग मी मेंढरांचं बोललो. त्याची बायको उंबऱ्यातून म्हणाली, "चार न्हाईत, सात हुती. त्यातल्या दोन गाभण."

आमच्या कागदावर चारच होती. तो कागद मीच लिहिला होता.

मी हात जोडले, माफी मागितली. "बरं," त्याची बायको म्हणाली, आणि शेरडांना पाला टाकायला मागं निघून गेली.