कॅरिअर निघणार नाही

मंडळी, आज डहाणूला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. वर्षभर खपून आम्ही बापलेकींनी नव्यासारखी केलेली बाबांची मोटारसायकल मी घेऊन गेले, बाबाही सोबत होते.

परीक्षक खूश झाले. मग मागच्या लोखंडी कॅरिअरवर हात ठेवून म्हणाले, "ताई, हे कंपनीचं नाही. काढलंत तर पहिला नंबर तुमचाच."

ते बाबांनी मसोलीतल्या लोहाराकडून बनवून घेतलेलं. त्यावर सुक्या बोंबलांच्या पाट्या बांधून ते कासाच्या बाजाराला जायचे. ऊन तापलं की अजून वास येतो.

बाबा हळूच म्हणाले, "काढ ना गं, पाना आणलाय मी."

"पाना खिशात ठेवा, बाबा."

परीक्षकांना म्हटलं, "काका, युरोपातल्या चेक देशातल्या कंपनीच्या परवान्यावर ही म्हैसूरला बनायची. तो कारखाना बंद पडला, पार्ट मिळेनात. आता त्याच नावाच्या नव्या गाड्या आल्यात म्हणून सगळ्यांना जुनी आठवली. मधली सगळी वर्षं ही बोंबील वाहून चालू राहिली."

बक्षीस दुसऱ्याला गेलं. तुम्ही काढलं असतं का कॅरिअर?

उद्या पाट्या बांधून मी हीच गाडी कासाला नेणार आहे. ज्याला ओरिजिनल बघायची असेल, त्याने बाजारात यावं.