दस्तावर गंगाजल

आडनाव सांगितलं आणि सचिवांनी माझ्या हातातला दस्त काढून घेतला. दहा मिनिटं तो माझ्याच मांडीवर होता.

दिल्लीतलं जुनं धर्मादाय संस्कृत महाविद्यालय. नियमावली नवी करायची होती. मराठी संस्थापकांचा मूळ दस्त मोडीत, आणि विश्वस्तांत एकालाही मोडी येत नाही. मी सरकारी नोकरीत मोडीच वाचते, म्हणून रविवारी द्वारकेहून मला बोलावलं. फोनवर मी फक्त नाव सांगितलं होतं, तेव्हा सचिव 'मॅडम' म्हणत होते. आडनाव गिळायची सवय बाबांकडून आलेली.

"बुरा मत मानना ताई, हा कागद देवापुढे असतो," सचिव म्हणाले. आणि माझ्यादेखत त्यांनी दस्तावर गंगाजल शिंपडलं. तीनदा.

जुनी शाई काजळीची. पाणी लागलं की पसरते. मला 'थांबा' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. अंगाची आग झाली होती. चौथं कलम बघता बघता काळं झालं.

ते कलम मी आधीच वहीत उतरवलं होतं. 'शिकावयास येईल त्याची जात न पाहतां त्यास शिकवावें.'

मी दहा वर्षांची असताना बाबा मला इथल्याच वर्गाला घेऊन आले होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून, इस्त्रीचा शर्ट घालून. फाटकावरच सांगितलं गेलं, "संस्थापकांचा नियम आहे." बाबांनी हात जोडले. आम्ही परत फिरलो. बाबा मरेपर्यंत तो नियम खरा मानत होते. धादांत खोटं होतं ते!

सचिवांनी ओला कागद उजेडात धरला. "हे तर आता वाचताच येत नाही. चौथं कलम परंपरेप्रमाणे लिहू. फक्त ब्राह्मण विद्यार्थी. तुम्ही खाली साइन करा, की मुळात असंच होतं."

"नाही करणार."

"अरे यार, तुमचं काय जातंय?"

मी वही पर्समध्ये टाकली. माझं पूर्ण नाव, आडनावासकट, पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं आणि बाहेर पडले.

तेव्हापासून रोज फोन आणि मेसेज येतात. आता पुन्हा "मॅडम, माफ करा". मी फोन उचलत नाही. माफी मला नकोच आहे.

नियम बदलायला कोर्टाची मंजुरी लागते. तिथे माझी वही आणि प्रतिज्ञापत्र दाखल होईल. न्यायाधीश विचारतील, दस्तावर पाणी का शिंपडलं? त्याचं उत्तर सचिवांनी भर कोर्टात, स्वतःच्या तोंडानं द्यायचं. मी समोरच बसणार आहे.